बांगीसाबची हाजरी

आमच्या शेजारच्या मशिदीत आता एसी आहे. फरशी संगमरवरी आहे. वजूच्या जागी चकचकीत तोट्या बसवल्यात, जरा फिरवली की धो धो धार लागते. माणूस हातपाय धुतो, शेजाऱ्याशी गप्पा मारतो, आणि पाणी आपलं चाललेलंच असतं. माझ्या माहेरच्या वरच्या खिडकीतून मला हे सगळं दिसतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. कारण तिथं, त्या तोट्यांसमोर, एका मोडक्या स्टुलावर तीस वर्षं एक माणूस बसत होता आणि त्याच्या देखत एक थेंब वाया घालवायची कुणाची टाप नव्हती.

सगळे त्यांना बांगीसाब म्हणायचे. बांग देणारे म्हणून बांगीसाब. मूळचे परभणीजवळच्या झरी गावचे. अजान देताना आवाज असा की चुलीपुढची बाई हात थांबवून ऐकायची. आणि अजान संपली की दुसऱ्या मिनिटाला तोच आवाज वजूखान्यातून यायचा, "ए ठेकेदार! नळ बंद कर! येलदरी धरण तुझ्या बापानं बांधलं काय?" लोक हसायचे. ज्याला बोलले तो सोडून. हा ठेकेदार म्हणजे मशिदीच्या कमिटीचा अध्यक्ष. बांगीसाबची नोकरी आणि राहायची खोली त्याच्याच हातात होती, पण बांगीसाबना त्याचं काही नव्हतं. "तांब्याभर पाण्यात वजू होतो. बाकीचा सगळा माज," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नळाला आठ-आठ दिवस पाणी न येणाऱ्या गावात ते वाक्य कुणी भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं.

आमच्या घरी आम्ही दखनी बोलतो. पण बांगीसाब माझ्याशी मराठीच बोलायचे. मी झरीच्या शाळेत मराठी शिकवते ना. "तू मराठीची बाई, मग मराठीतच बोलणी खा," म्हणायचे. मी लग्न मोडून माहेरी परत आले, तेव्हा गल्लीतल्या बायका रोज एक बहाणा काढून यायच्या. साखर मागायच्या आणि कारण विचारायच्या. बांगीसाब खालून खिडकीकडे बघत ओरडले, "आलीस का परत? बरं केलंस. झरीला पाणी आलं का?" बस. एवढंच. पुढं कितीतरी दिवस मी त्या 'बरं केलंस'वर काढले.

संध्याकाळी मगरीबच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात बायका उभ्या असतात. आजही असतात. काखेत तापलेलं, किरकिरं, दूध न पिणारं पोर. आत जायचं नाही, पायरीखाली उभं राहायचं. नमाजी बाहेर पडताना एकेक जण पोरावर फुंकर घालून जातो. आमच्या बायका असतात, बौद्ध वस्तीतल्या असतात, मराठ्यांच्या असतात. तिथं कुणी जात विचारत नाही. बांगीसाब मात्र दोन्हीकडच्यांना झापायचे. नमाज्यांना म्हणायचे, "फुंक, थुंकू नको! पान खाऊन आलास काय?" आणि आयांना म्हणायचे, "डाक्टरला दावलं का? न्हाई? मग हितं काय करायलीस? आधी दवाखाना, मग फुंकर!"

तर मशिदीत बायकांची जागा एवढीच. पायरीखालची. आमच्या घराची भिंत आणि मशिदीच्या कोठडीची भिंत एकच आहे. त्या भिंतीला टेकून मी बाराखडी शिकले, त्याच भिंतीला टेकून लग्नात मेंदी लावून घेतली. आणि चाळिशी आली तरी भिंतीपलीकडची चटई पायाला कशी लागते हे मला माहीत नव्हतं. त्याचा मला रागही येत नव्हता. हे आठवलं की आता जास्त राग येतो.

मग सोमाली पोरं आली.

कृषी विद्यापीठात शिकायला आली होती. पहिला जो आला तो परभणी स्टेशनवर दोन बॅगा घेऊन उतरला. हिंदीचा एक शब्द येत नव्हता. रिक्षावाल्याला नुसतं "मस्जिद, मस्जिद" म्हणाला, आणि रिक्षावाल्यानं त्याला आणून आमच्या गल्लीत सोडला. बांगीसाबनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हातात भरलेला तांब्या दिला आणि म्हणाले, "एवढाच. दुसरा मिळायचा न्हाई." त्या पोराला शब्द कळले नाहीत. तांब्या कळला. त्यानं त्यातल्या अर्ध्याच पाण्यात वजू केला आणि उरलेलं परत दिलं. दुष्काळी मुलखातलाच तो. बांगीसाबनी सगळ्या मशिदीला ते पाणी दाखवलं. "बघा! शिका!"

एकाचे सात झाले. पण त्यांना खोली कोण देणार? आफ्रिकेचे आहेत, काळे आहेत, काय खातात, रात्री कधी येतात, कोण जाणे. आणि हे बोलणारे कोण? आमचेच लोक. ज्यांच्या पोरांना पुण्यात नाव ऐकून खोली नाकारतात, ते! पुण्याच्या नावानं बोटं मोडायची आणि परभणीत तेच करायचं. बांगीसाब दारोदार हिंडले. हिंडले म्हणजे भांडले. सातही जणांची सोय झाली.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ती पोरं मशिदीच्या अंगणात बसायची. वेलची-दालचिनीचा गोड चहा थर्मासमधून आणायची. कुणाला ताप आहे, कुणाची परीक्षा अडकली, कुणाच्या घरून काय खबर आली, सगळं तिथंच. कुणाच्या आईचा फोन लागला तर सगळ्यांनी मिळून तिच्याशी बोलायचं. त्यांचं गाव म्हणजे तेवढं अंगण होतं. पहिल्या जुम्म्यालाच त्यांनी 'आमीन' मोठ्यानं म्हटलं. त्यांच्यात तशी रीत आहे, आमच्यात मनात म्हणतात. सगळी मशीद दचकली. बाहेर आल्यावर कुजबुज सुरू, हे कुठल्या पंथाचे, यांना आवरलं पाहिजे. बांगीसाब स्टुलावरून म्हणाले, "आमीन म्हणली पोरं. शिवी दिली का?"

आणि त्यांनी हाजरी सुरू केली. दर जुम्म्याला एकेकाला पूर्ण नाव सांगायला लावायचे. सोमाली माणसाचं नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, मग आजाचं. आडनाव नाही. एखादा हजर नसला की बांगीसाब सायकल काढून त्याच्या खोलीवर जायचे. एकदा असंच गेले, तर पोरगा तीन दिवसांच्या तापानं बेशुद्ध पडलेला. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि वाटभर शिव्या घातल्या. पोरगा वाचला. पुढं तो म्हणायचा, शुद्धीवर आलो ते शिव्यांनीच.

होदन ही सोमाली मुलगी त्यांच्यानंतर आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, ज्वारीवर संशोधन करायला आलेली, सोबत तिच्याच गावची एक मैत्रीण. बांगीसाबनी आमची वरची रिकामी खोली मागितली. अब्बा म्हणाले, रिकामी नाही. अब्बांचं कापडाचं दुकान, कमिटीत मान, लोक काय म्हणतील ही भीती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बांगीसाब गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "ऐका हो ऐका! ह्या घरात वरची खोली रिकामी हाय, अन मालक म्हणतो रिकामी न्हाई! खिडकीतनं मला चिमण्या दिसायल्यात!" अब्बांनी चावी दिली आणि महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

होदन ज्वारीचं पीठ आंबवून आपल्या आंबोळीसारखं काहीतरी करायची. अम्मीला ते आवडलं. अम्मी तिला भाकरी थापायला शिकवायची. एका दुपारी होदननं आपलं नाव सांगितलं, बापाचं, आजाचं, आणि थांबेचना. पणजा, खापरपणजा, एका दमात सोळा-सतरा नावं. त्यांच्याकडे लेकरांना हे पाठ करून घेतात, मुलींनासुद्धा. आणि लग्न झालं तरी बाईचं नाव बदलत नाही, बापाचंच राहतं. मग तिनं अम्मीला मोडक्या हिंदीत विचारलं, तुमचं? अम्मीनं आपलं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आजाचं आठवेना. संध्याकाळी तिनं मानवतला मामूंना फोन लावला, "आपल्या आजाचं नाव काय रे?" आणि फोन ठेवल्यावर ते नाव चार वेळा पुटपुटली.

मग तो जुम्मा. होदन तयार होऊन खाली आली आणि म्हणाली, "चल." मी म्हटलं, "कुठं?" म्हणाली, "नमाजला." मी तिला समजावलं, आमच्यात बायका घरीच पढतात. ती म्हणाली, आमच्या गावात मी लहानपणापासून आईबरोबर मशिदीत जाते, बायकांची बाजू वेगळी असते. तुमच्या मशिदीत ती बाजू कुठं आहे? ती मैत्रिणीला घेऊन सरळ गेली. मी खिडकीत उभी राहिले. हेच माझं कायमचं काम, खिडकीत उभं राहणं.

दोघी दारात आल्या. सगळे बांगीसाबकडे बघायला लागले. सगळ्या गावावर ओरडणारा माणूस आता काय ओरडतो, हेच त्यांना ऐकायचं होतं. बांगीसाब उठले आणि ओरडले.

"डोळे खाली! नमाजला आलात का बाया बघायला?"

मग ते गल्लीकडून कोठडीच्या दाराशी गेले. कोठडीत मयत न्यायचा डोला, जुन्या चटया आणि हरवलेल्या चपलांचा ढीग होता. डोला त्यांनी एकट्यानं उचलून बाहेर ठेवला. झाडून घेतलं, चटई अंथरली, आतल्या बाजूची झरोक्याची फळी काढली. आणि दोघींच्या हातात एकेक तांब्या दिला. "एवढाच," म्हणाले.

पुढच्या आठवड्यात खालून हाक आली, "ए मराठीच्या बाई! तुझे पाय मोडलेत काय?" मी गेले. भिंतीच्या पलीकडून मला आमच्या घरातल्या भांड्यांचा आवाज आला. मी सजद्यात डोकं टेकलं आणि रडले. उठले तर बांगीसाब दाराबाहेरून म्हणत होते, "वजूला दीड तांब्या घेतलास. मी बघितलं." खरं सांगते, आयुष्यात कुणाची बोलणी एवढी गोड लागली नव्हती. ते आम्हाला माणसांसारखंच झापत होते.

तिसऱ्या जुम्म्याला अम्मी आली. मग शेजारची, मग तिची जाऊ. रमजानपर्यंत आम्ही चौदा जणी झालो. बांगीसाब कोठडीच्या दाराबाहेर पाठ करून बसायचे आणि हाजरी घ्यायचे. पहिल्या दिवशी शेजारीण लाजून म्हणाली, "राजूची अम्मी." बांगीसाब तडकले, "ते राजूचं नाव झालं. तुझं काय? तुला काय बारशाला नाव ठेवलं न्हाई?" हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण चार जुम्म्यांत सगळ्या सोमाली पद्धतीनं नाव सांगायला लागल्या. स्वतःचं, बापाचं, आजाचं. ज्यांना आजाचं माहीत नव्हतं त्या माहेरी विचारून आल्या.

हे कमिटीला खुपायला कितीसा वेळ लागणार! तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. म्हणाले, कोठडीत फरशीचे खोके ठेवायचे आहेत. बांगीसाब म्हणाले, माझ्या खोलीत ठेवा. मग म्हणाले, डोला उघड्यावर राहतो. बांगीसाबनी त्यावर ताडपत्री घातली. मग एका दुपारी असरनंतर अंगणात बैठक बसली. अब्बाही होते. सोमाली पोरांना सांगितलं, हा मोहल्ल्याचा मामला आहे, तुम्ही बाहेर थांबा. होदन विद्यापीठाच्या शेतावर ज्वारीची कणसं मोजत होती. नमाज पढवणारे पेशइमाम नवे होते, ते मान खाली घालून बसले. मी आणि अम्मी खिडकीच्या फटीतून बघत होतो.

ठेकेदार म्हणाला, कोठडीची चावी द्या, नाहीतर खोली सोडा. दोन परदेशी पोरींसाठी मशिदीची रीत मोडायची का? महिन्या-दोन महिन्यांत त्या जातील. बांगीसाब म्हणाले, दोन न्हाईत. चौदा हायत.

"अच्छा?" ठेकेदार हसला. "अपने मोहल्ले की एक भी औरत आती क्या? नाम बोलो."

बांगीसाबना चौदाही नावं पाठ होती. आजांसकट. ते म्हणाले, "नावं त्यांची हायत. त्या सांगतील." आणि त्यांनी मान वर करून बघितलं. आमच्या खिडकीकडे, शेजारच्या खिडकीकडे, समोरच्या गच्चीकडे. सगळीकडे बायका होत्या. मला ठाऊक आहे, कारण मला पडदे हलताना दिसले.

एकही खिडकी उघडली नाही. अम्मीनं माझं मनगट धरलं होतं. "अब्बा बैठे है नीचे," ती पुटपुटली. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, अम्मीनं धरलं होतं म्हणून. खोटं आहे. तिची पकड ढिली होती. मला नुसती खिडकीची फळी ढकलायची होती. शाळेत पोरांना 'मोठ्यानं वाच, घाबरतोस काय' म्हणणारी मी, आणि माझ्या तोंडून माझं नाव निघालं नाही.

बांगीसाबनी थोडा वेळ वाट बघितली. मग चावी काढून चटईवर ठेवली. संध्याकाळी होदन आली, तिला मी सगळं सांगितलं. बांगीसाब काय म्हणाले, ठेकेदार काय म्हणाला, खिडक्या कशा बंद राहिल्या. ती ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि तू?"

चावी दिल्यावर खोली सोडायची गरज नव्हती, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची अजान देऊन बांगीसाब सायकलवर ट्रंक बांधून मानवतला लेकीकडे निघून गेले. अजानच्या आवाजात काही फरक नव्हता. स्टूल तिथंच राहिलं होतं. ते मी उचलून आणलं, आमच्या माठाखाली आहे. होदन शिक्षण संपवून परत गेली. सोमाली पोरं आता दुसऱ्या भागातल्या मशिदीत जातात. आमच्या अंगणात चहाला कुणी बसत नाही. नवे बांगी फार गोड बोलतात. त्यांच्या गोड बोलण्याची मला शिसारी येते, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

अब्बा मागच्या वर्षी गेले. त्यानंतर मी मानवतला गेले. एसटीत बसल्यापासून मनाशी वाक्यं जुळवत होते. बांगीसाब लेकीच्या ओट्यावर बसले होते. एक डोळा गेलेला, पण नळावरच्या बाईला ओरडणं चालूच होतं. मला ओळखलं. "झरीला पाणी आलं का?" विचारलं. मी त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, "बांगीसाब, त्या दिवशी माझं चुकलं. मला माफ करा."

मला वाटलं होतं, म्हातारा माणूस आहे, डोक्यावर हात ठेवेल. कशाचं काय! ते असे भडकले की लेक आतून धावत आली.

"मला काय सांगायलीस? चार वर्सांनी आलीस अन माझ्या पायाशी बसून रडायलीस? मी काय अल्लामियाँ हाय? मला तुझं नाव माहीत न्हाई काय? ज्यानं इचारलं त्याला सांग! त्यो जित्ता हाय का मेला?"

"जिवंत आहे," मी म्हटलं.

"मग हितं काय करायलीस? ऊठ!" चहासुद्धा घेऊ दिला नाही.

मी तशीच परत आले. घरी पोचले तर मगरीबची वेळ होत आली होती. पिशवी अम्मीच्या हातात दिली आणि मशिदीच्या दारात जाऊन उभी राहिले. पायरीखाली. शेजारी तीन बायका पोरं घेऊन उभ्या होत्या. नमाज सुटली, नमाजी फुंकर घालत बाहेर पडायला लागले. ठेकेदार आला. दाढी पांढरी झालीय आता. एका पोरावर फुंकला, दुसऱ्यावर फुंकला, आणि माझ्यासमोर येऊन थांबला.

"बच्चा कहाँ है, मास्तरनी?"

"बच्चा नाही," मी म्हटलं. "हाजरी द्यायला आले."

"कसली हाजरी?"

"तुम्ही विचारलं होतं, मोहल्ल्यातली एक तरी बाई येते का. नाव सांगा म्हणाला होतात. सांगते." आणि मी माझं नाव सांगितलं. अब्बांचं सांगितलं. आजोबांचं सांगितलं. आवाज वर्गात निघतो तसा निघाला. पायरीवरची माणसं एका पायात चप्पल घालून तशीच थांबली.

ठेकेदार हसला. "अरे, ती जुनी गोष्ट झाली. तुमचे अब्बा माझे दोस्त होते. घरी येऊन बोलू सावकाश."

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. अम्मी होती. माझी पिशवी अजून तिच्या हातातच होती. ती येऊन माझ्या शेजारी उभी राहिली आणि तिनं आपलं नाव सांगितलं. अब्बांचं नाव लावलं नाही. आपल्या बापाचं सांगितलं. मग थांबली. मला धास्ती वाटली, विसरली. पण ती फक्त श्वास घेत होती. मानवतच्या मामूंना फोन करून विचारलेलं आजाचं नाव तिनं सगळ्या पायरीला ऐकू जाईल असं सांगितलं.

ठेकेदार म्हणाला, "ठीक है, ठीक है. देखेंगे."

"देखेंगे नै," अम्मी म्हणाली. "लिख. कागद नै तो हाथ पे लिख."